फळं जिवंतपणी प्रवास करतात : आयात होणाऱ्या ताज्या मालाची शीतसाखळी

कंटेनरचं सील तोडून दार उघडलं की आधी आतली हवा अंगावर येते. त्या पहिल्या झुळकेतच बरंच काही कळून जातं. माल चांगला असेल तर हवा गार, ओलसर आणि जवळजवळ बिनवासाची असते. आंबूस दर्प आला तर आत कुठेतरी सड लागली आहे. पिकल्या फळाचा गोड वास आला तर माल वाटेतच पिकायला लागला आहे, म्हणजे आता विकायला दिवस कमी. थर्मामीटर, लॉगर (म्हणजे पेट्यांमध्ये ठेवलेलं छोटं तापमान नोंदवणारं यंत्र), फोटो हे सगळं नंतरचं.

त्या दारापर्यंत पोचायला फळाचे तीन-चार आठवडे गेलेले असतात. शेत, पॅकहाउस, ट्रक, बंदर, जहाज, पुन्हा बंदर, कस्टम्सची तपासणी, पुन्हा ट्रक, मग शीतगृह. या सगळ्या वाटेवर माल त्याला मानवणाऱ्या तापमानात ठेवायच्या व्यवस्थेला शीतसाखळी म्हणतात. लांबून पाहणाऱ्याला ती यंत्रांची गोष्ट वाटते. या कामात काही वर्षं काढल्यावर माझं मत असं झालंय की यंत्रं बऱ्यापैकी इमानाने वागतात. माल बिघडतो तो बहुतेक वेळा दोन यंत्रांच्या मधल्या जागेत, जिथे एकाची जबाबदारी संपलेली असते आणि दुसऱ्याची अजून सुरू झालेली नसते. त्या मधल्या जागा ओळखायच्या असतील तर आधी फळाला काय हवं असतं ते समजून घ्यावं लागतं.

तोडलेलं फळही श्वास घेतं

झाडावरून तोडलं म्हणून फळ मरत नाही. ते ऑक्सिजन घेतं, स्वतःतली साखर जाळतं आणि कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि उष्णता बाहेर टाकतं. फरक एवढाच की आता झाडाकडून नवी रसद येत नाही. जवळ जी शिदोरी आहे ती संपली की फळ मऊ पडतं, सुकतं, चव जाते आणि बुरशीला दार उघडं होतं.

शिदोरी किती वेगाने संपते ते तापमानावर ठरतं. ढोबळ हिशोब असा की तापमान १० अंश सेल्सियसने वाढलं की श्वसनाचा वेग दोन ते तीन पट होतो. म्हणजे ० अंशाच्या तुलनेत २० अंशाला तो चार ते नऊ पट. ० अंशाला जे फळ चार आठवडे टिकलं असतं, ते २० अंशाला तीन ते सात दिवसांत संपतं. हाच हिशोब उलटा करून पाहा. भर दुपारी धक्क्यावर उघड्यावर गेलेला एक दिवस म्हणजे थंडीतले चार ते नऊ दिवस खर्ची पडले. नंतर कितीही गार केलं तरी ते दिवस परत येत नाहीत. थंडीमुळे पुढचा खर्च मंदावतो, झालेला खर्च भरून निघत नाही. शीतसाखळीतल्या माणसाने हे एक वाक्य पक्कं लक्षात ठेवलं तर त्याचे अर्धे निर्णय आपोआप बरोबर येतात.

मग सगळंच ० अंशावर का ठेवत नाहीत? कारण प्रत्येक फळाचा पिंड वेगळा. सफरचंद, किवी, द्राक्षं, चेरी यांना ० च्या आसपास मानवतं. द्राक्षं आणि चेरी तर उणे ०.५ अंशावरही नेतात. त्यांच्या रसात साखर भरपूर असल्याने ती त्या तापमानाला गोठत नाहीत. लेट्यूसची पानं मात्र उणे ०.२ अंशालाच गोठायला लागतात. म्हणून द्राक्षांसाठी लावलेल्या कंटेनरमध्ये लेट्यूस घातलं तर हाती काचेसारखी पारदर्शक झालेली पानं येतात आणि ती वितळली की चिखल होतो. उष्ण प्रदेशातल्या फळांची तऱ्हा तिसरीच. केळी १३ ते १४ अंशाला नेतात. त्याखाली काही काळ राहिली तर सालीतल्या पेशींना इजा होते, साल राखाडी, मळकट पडते आणि फळ नीट पिकत नाही. आंबा, पपई, अननस यांनाही अशी थंडी बाधते. या इजेचा वाईट गुण म्हणजे ती थंडीत असताना दिसत नाही. माल उतरवताना सगळं छान वाटतं. दोन-तीन दिवसांनी उबेत आल्यावर डाग उमटतात. तोवर पावती झालेली असते, माल पुढे गेलेला असतो.

म्हणून सेट पॉइंट, म्हणजे कंटेनरला लावून दिलेलं तापमान, हा आकडा बुकिंगच्या कागदावर, यंत्राच्या पडद्यावर आणि ट्रकवाल्याच्या सूचनेत अक्षरशः जुळला पाहिजे. एक वजाबाकीचं चिन्ह राहिलं तर उणे ०.५ चं ०.५ होतं, त्यात माल बहुधा निभावतो. पण १३ च्या जागी ३ पडलं किंवा सेल्सियस-फॅरनहाइटचा घोळ झाला तर अख्खा कंटेनर जातो, आणि तोही कुठलंही यंत्र न बिघडता.

दुसरी अडचण सोबतीची. सफरचंद, ॲव्होकॅडो, पिकायला लागलेली केळी इथिलीन नावाचा वायू सोडतात. हा वायू म्हणजे वनस्पतींमधला पिकण्याचा निरोप. आसपासच्या फळांपर्यंत तो पोचला की तीही पिकायला लागतात. किवी या बाबतीत फार हळवी. अब्ज भाग हवेत दहा-वीस भाग इथिलीन असलं तरी ती मऊ पडू लागते. गाजराला इथिलीन लागलं तर ते कडवट होतं. म्हणजे सफरचंद आणि किवी यांचं तापमान जुळतं म्हणून त्यांना एका खोलीत ठेवायचं नसतं. जागा वाचवायला मिश्र माल भरण्याचा मोह प्रत्येकाला होतो. त्या वेळी तापमान, इथिलीन आणि वास या तिन्ही बाबतींत पत्रिका जुळते का ते पाहावं, आणि एकातही जुळत नसेल तर सरळ नाही म्हणावं.

रीफर थंड करत नाही

ताज्या मालाच्या शीतयंत्र असलेल्या कंटेनरला रीफर म्हणतात. त्याच्याबद्दलचा सगळ्यात महागडा गैरसमज असा की तो फ्रिजसारखा आहे, गरम माल आत टाकला की सावकाश गार होईल. रीफर आधीच गार झालेला माल गार ठेवण्यासाठी बनवलेला असतो. आत येणारी बाहेरची ऊब आणि फळांची स्वतःची उष्णता, एवढं झेलण्याची त्याची ताकद. वीसेक टन गरम फळं आत कोंबली तर पेट्यांच्या पोटातली फळं कित्येक दिवस गरमच राहतात, आणि यंत्राच्या पडद्यावर मात्र गार हवेचा सुंदर आकडा दिसत असतो.

म्हणून खरं थंड करण्याचं काम पॅकहाउसमध्ये, तोडणीनंतर जितक्या लवकर जमेल तितक्या लवकर व्हायला हवं. याला प्रीकूलिंग म्हणतात. पालेभाज्यांना निर्वात कोठीत ठेवून त्यांच्यातलं थोडं पाणी उडवतात, त्यासोबत उष्णता निघून जाते. काही माल गार पाण्याखाली धरतात. पेट्यांमधल्या फळांसाठी बहुतेक ठिकाणी पंख्याने गार हवा पेटीच्या भोकांतून ओढून काढतात. यात एक हिशोब कामाचा आहे. समजा फळ २८ अंशाला आहे, हवा ० अंशाची आहे आणि निम्म्यावर, म्हणजे १४ वर यायला दोन तास लागले. तर १४ चे ७ व्हायलाही दोन तास लागतात आणि ७ चे ३.५ व्हायला आणखी दोन. या सहा तासांत फरकाचे आठपैकी सात भाग गेले. इथे पंखा थांबवून माल शीतगृहात हलवतात, उरलेलं तिथे होतं. घाईच्या हंगामात याच सहा तासांतले दोन तास कापले जातात, कारण ट्रक दारात उभा असतो. मग ७ अंशाचं फळ ० अंशाचं म्हणून कागदावर चढतं. पुरवठादाराशी करार करताना मी एकच गोष्ट सोडत नाही : भरताना फळाच्या गराचं तापमान किती होतं, त्याची पॅलेटवार नोंद (पॅलेट म्हणजे पेट्या रचलेली लाकडी फळी). गर म्हणजे फळाचा मध्य. सालीवर इन्फ्रारेड बंदूक रोखून मिळालेला आकडा सालीचं सांगतो, गराचं सांगत नाही.

आता भरलेल्या कंटेनरच्या आत डोकावू. दाराच्या विरुद्ध टोकाला शीतयंत्र असतं. ते गार हवा खालून सोडतं. कंटेनरची जमीन सपाट नसते, टी-आकाराच्या पट्ट्यांची असते आणि त्यांच्यामधल्या खाचांतून हवा दारापर्यंत सरकत जाते. वाटेत ती पेट्यांच्या भोकांतून वर चढते, उष्णता उचलते आणि छताखालून यंत्राकडे परतते. हवा आळशी असते, जिथे सोपी वाट मिळेल तिथूनच जाते. दाराजवळ दोन फूट जमीन उघडी राहिली तर सगळी हवा तिथूनच वर उसळते आणि मधल्या पॅलेटना काही मिळत नाही. म्हणून ती उघडी जमीन जाड पुठ्ठ्याने झाकतात. भिंतीवर लाल रेघ असते, तिच्यावर माल चढवायचा नाही, नाहीतर परतीची वाट बुजते. एकावर एक ठेवलेल्या पेट्यांची भोकं एका रेषेत आली नाहीत तर भोकं असून नसल्यासारखी. ही कामं बिनखर्चाची आहेत. ती करायला फक्त एक माणूस तिथे उभा राहून पाहणारा लागतो.

माल चढवताना शीतयंत्र चालू ठेवावं असं मन सांगतं. ते चूक आहे. दार उघडं असताना यंत्र बाहेरची दमट हवा आत ओढतं, तिच्यातलं बाष्प यंत्राच्या थंड नळ्यांवर बर्फ होऊन बसतं आणि मग हवा वाहायची थांबते. दार उघडं तर यंत्र बंद, आणि काम झटपट. कंटेनर थेट शीतगृहाच्या दाराला चिकटवता आला तर उत्तमच.

आर्द्रतेचं गणितही याच्याशी बांधलेलं आहे. बहुतेक फळांना ९० ते ९५ टक्के आर्द्रता लागते, नाहीतर ती सुकतात, वजन घटतं. पण फळावर प्रत्यक्ष पाणी साचलं की बुरशी येते. गार फळ दमट, उबदार हवेत आलं की थंड पाण्याच्या पेल्यासारखा त्याला घाम फुटतो. पुठ्ठ्याची पेटी ते पाणी पिते, लिबलिबीत होते आणि वरच्या ओझ्याखाली दबते. खालच्या थरातली चेपलेली फळं पाहिली की लोक पेटीला दोष देतात. दोष बहुधा त्या अर्ध्या तासाचा असतो, जेव्हा माल उन्हात वाट पाहत होता.

लांबच्या प्रवासात काही कंटेनरची हवाच बदलतात. साध्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो, तो दोन ते पाच टक्क्यांवर आणला आणि कार्बन डायऑक्साइड मोजून वाढवला की फळ जणू झोपी जातं. केंब्रिजमध्ये फ्रँकलिन किड आणि सिरिल वेस्ट या दोघांनी १९२० च्या दशकात यावर पायाभूत काम केलं. आज केळी, ॲव्होकॅडो, ब्लूबेरी यांना त्याचा मोठा आधार आहे. मात्र एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. अशा कंटेनरमध्ये दार उघडल्या उघडल्या कोणीही शिरू नये. ऑक्सिजन कमी असलेल्या हवेला वास नसतो, माणूस काही श्वासांत शुद्ध हरपतो आणि त्याला ओढायला गेलेला दुसराही पडतो. दारं पूर्ण उघडून हवा खेळती होऊ द्यावी, मीटरने मोजावं, मगच पाऊल टाकावं. सकाळी घाईत असलेल्या हमालाला हे कोणी सांगत नाही, म्हणून ते आपणच सांगायचं.

साखळी जिथे उसवते

जहाजावर रीफरला सतत वीज मिळते. बंदरातल्या रीफर यार्डातही प्लग असतो. रस्त्यावर ट्रकला जोडलेला जेनसेट, म्हणजे फिरतं जनित्र, वीज पुरवतो. आता या तिघांच्या मधला वेळ मोजा : जहाजाचा प्लग काढला, क्रेनने उतरवला, रांगेत लागला, यार्डात पोचला, प्लग लागला. पुन्हा प्लग काढला, ट्रकवर चढला, जेनसेट सुरू झाला. एकेक वेळ थोडा असला तरी बेरीज होते.

द्राक्षांच्या एका कंटेनरची आठवण अजून बोचते. पडद्यावर सेट पॉइंट बरोबर, हवेचं तापमान बरोबर, कागद चोख. पेटी उघडली तर मणी दिसायला ठीक, पण देठ तपकिरी, वाळक्या काडीसारखे. द्राक्षांत आधी देठ पाहावा. हिरवा, लवचीक असेल तर घडाने पाणी गमावलेलं नाही. मग लॉगर काढला. आलेख सगळी वाट सरळ रेषेत, आणि शेवटाकडे एक उंचवटा : नऊ तासांत ० वरून ११ अंश, मग पुन्हा खाली. यंत्राच्या स्वतःच्या नोंदीत तेवढेच तास वीज बंद. कंटेनर यार्डात उतरला होता, प्लगच्या रांगेत जागा नव्हती आणि पाळी बदलली होती. पहिल्या पाळीला वाटलं दुसरी लावेल, दुसरीला वाटलं पहिलीने लावला असेल. त्या उंचवट्यानंतर पुन्हा गार होताना मण्यांवर दव धरलं आणि आठवड्याभरात करडी बुरशी आली. पेटीतला सल्फर डायऑक्साइडचा पॅड तिला थोपवतो, पण एवढ्या ओलीपुढे त्याचंही चाललं नाही. तेव्हापासून कंटेनर उतरल्यापासून प्लग लागेपर्यंतची वेळ मी फोन करून विचारतो. त्रास देतो म्हणून नाव झालं असेल, हरकत नाही.

लॉगर कुठे ठेवला यावरही बरंच ठरतं. सगळे यंत्राजवळ ठेवले तर चित्र नेहमी गोड दिसतं. सर्वांत गरम जागा साधारण दाराकडच्या पॅलेटच्या वरच्या थरात असते, एक तरी तिथे हवाच.

कागदपत्रं हाही शीतसाखळीचाच दुवा आहे, हे माझं ठाम मत. निर्यात करणाऱ्या देशाचं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र, मूळ देशाचा दाखला, पॅकिंगची यादी यांत एखादं फळाचं शास्त्रीय नाव चुकलं किंवा कंटेनर क्रमांकातला एक आकडा उलटा पडला, तर दुरुस्तीला दिवस जातात आणि फळ यार्डात म्हातारं होतं. लाकडी पॅलेटवर उष्णता-उपचाराचा आंतरराष्ट्रीय शिक्का लागतो. त्यासाठी लाकडाचा गाभा ५६ अंशाला सलग ३० मिनिटं तापवलेला असावा लागतो. शिक्का नसला तर आतली फळं कितीही निर्दोष असोत, माल अडतो. म्हणून मसुदे जहाज सुटायच्या आधीच मागवून ओळ न् ओळ ताडून पाहावेत.

काही फळांच्या बाबतीत थंडी हाच कायद्याने सांगितलेला उपचार असतो. भूमध्य फळमाशीच्या अळ्या मरण्यासाठी अमेरिकी कृषी खात्याच्या एका वेळापत्रकात १.११ अंश किंवा त्याखाली १४ दिवस, १.६७ ला १६ दिवस आणि २.२२ ला १८ दिवस सांगितलेत. आकडे विचित्र वाटतात कारण ते ३४, ३५ आणि ३६ फॅरनहाइट आहेत. हा उपचार जहाजावरच होतो. फळांच्या गरात खुपसलेले संवेदक तापमान नोंदवत राहतात. मध्येच आकडा मर्यादेच्या वर गेला तर उपचार अपुरा ठरू शकतो आणि दिवस पुन्हा भरावे लागतात. इथे थोडी वीज जाणं म्हणजे आयुष्यातले काही तास जाण्याइतकंच राहत नाही, आयातीचा परवानाच पणाला लागतो.

आणि कधीकधी सगळं नीट असूनही वेळच हातून जातो. २०२५ च्या जानेवारीत चिलीहून चीनकडे निघालेलं एक जहाज पॅसिफिकमध्ये इंजिन बंद पडून अडकलं. त्यावर चेरीचे १,३०० हून अधिक कंटेनर होते. एरवी हा प्रवास साधारण २३ दिवसांचा, आणि सगळी घाई २९ जानेवारीच्या चिनी नववर्षासाठी, कारण तेव्हाच चेरीला खरी मागणी. जहाज पोचलं फेब्रुवारीच्या मध्यावर. पेट्यांत मऊ पडलेल्या, सडलेल्या चेरी निघाल्या. थंडी काळाला रेटून धरते, थांबवत नाही. म्हणून नियोजन करताना उलटं मोजावं : दुकानात फळ किती दिवस राहायला हवं तिथून सुरुवात करून मागे येत शेतापर्यंत, आणि मध्ये दोन-चार दिवस अडथळ्यांसाठी राखलेले. हिशोब बसत नसेल तर विमानाचा विचार करावा. विमान वेळ वाचवतं, पण तिथे धावपट्टीशेजारी उन्हात थांबलेले पॅलेट हाच कच्चा दुवा, आणि तास मोजकेच असल्याने तो जास्त जाचतो.

माल दारात आल्यावर

दार उघडल्यावर आधी दाराकडच्या, मग माल उतरत जाईल तसं मधल्या आणि यंत्राकडच्या पॅलेटमधल्या फळांच्या गराचं तापमान घ्यावं. मधल्या पॅलेटचा आकडा माल सरकवल्यावर मिळतो, म्हणून ते माप विसरलं जातं. तेच सर्वांत महत्त्वाचं. सील, पडदा, पेट्यांची मांडणी यांचे फोटो काढावेत. गडबड दिसली तर माल हलवण्याआधी वाहतूक कंपनीला लेखी कळवावं आणि दोन्ही बाजूंचा सर्वेक्षक बोलवावा. समुद्रवाहतुकीच्या हेग-व्हिस्बी नियमांनुसार वरून न दिसणाऱ्या नुकसानीची लेखी सूचना ताबा घेतल्यापासून ३ दिवसांत द्यायची असते आणि दावा साधारणपणे १ वर्षाच्या आत दाखल करायचा असतो. रीफरच्या यंत्रातली नोंद तातडीने मागून घ्यावी, कारण कंटेनर पुढच्या फेरीला गेला की ती हाती लागणं कठीण.

शीतगृहात गेल्यावर आधी आलेला माल आधी काढायचा हा नियम इथे पुरेसा नाही. ज्या मालाचं आयुष्य आधी संपणार तो आधी बाहेर काढायचा, मग तो कालच आलेला का असेना. उंचवटा असलेला लॉगर सापडला की त्या पॅलेटवर खूण करून तो पहिल्या गाडीत घालावा.

आणि थर्मामीटर. ज्या आकड्यावर एवढा सगळा वाद उभा राहणार, तो आकडा तरी खरा हवा. एका भांड्यात ठेचलेला बर्फ घ्यावा, त्यात बर्फाच्या जेमतेम वर येईल इतकं पाणी घालावं, ढवळावं, तळाला किंवा कडेला न टेकवता सुई मधोमध धरावी आणि आकडा स्थिर होऊ द्यावा. तो ० यायला हवा. अर्धा अंश इकडे-तिकडे आला तर कागदावर तारखेसह लिहून तो कागद थर्मामीटरच्या पेटीत ठेवावा. दर सोमवारी, पहिला कंटेनर यायच्या आत.